फेलोशिपचा फॉर्म सगळ्यात शेवटी भरा: मुंबईतल्या वस्ती कार्यकर्त्यांसाठी तयारीचा क्रम

फेलोशिपची जाहिरात निघाली की लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते. शेवटच्या तारखेच्या आदल्या रात्री फॉर्म उघडला जातो, ‘तुमच्या समुदायात तुम्ही कोणता बदल घडवून आणलात?’ या प्रश्नापाशी गाडी अडते, आणि मग जे सुचेल ते लिहिलं जातं: शिक्षणाचं महत्त्व, व्यसनमुक्ती, महिला सक्षमीकरण, युवाशक्ती. असे अर्ज मी बरेच वाचले आहेत. लिहिणारे कामात कमी नसतात. पहाटे पाण्याच्या रांगेपासून रात्री पोलीस ठाण्यापर्यंत धावणारीच ही माणसं. चुकतो तो क्रम. फॉर्म हाती आल्यावर काम आठवायला बसायचं आणि आठवलं नाही की मोठे शब्द भरायचे.

हा लेख नेतृत्व विकासाच्या फेलोशिपबद्दल आहे. म्हणजे वर्ष-दोन वर्षं प्रशिक्षण, मार्गदर्शक, बरोबरीच्या फेलोंची बॅच, बहुतेक ठिकाणी थोडंफार मानधन, आणि त्याबदल्यात जमिनीवरचं काम. विद्यापीठातली संशोधन फेलोशिप वेगळी, तिचा इथे संबंध नाही. तयारीसाठी तीन महिने हाताशी धरा. त्यातले पहिले दोन फॉर्मकडे बघूही नका.

टप्पा १: कुठल्या प्रकारची फेलोशिप आहे ते आधी ओळखा

‘फेलोशिप’ या एकाच नावाखाली अगदी वेगवेगळ्या गोष्टी चालतात. सर्वाधिक वेळ वाया जातो तो इथे.

पहिला प्रकार: नोकरी-धंदा बाजूला ठेवून त्यांनी नेमून दिलेलं काम पूर्णवेळ करायचं. टीच फॉर इंडिया २००९ साली मुंबई आणि पुण्यात सुरू झालं. त्यात पदवीधर तरुण दोन वर्षं शाळेत पूर्णवेळ शिकवतात. गांधी फेलोशिपही दोन वर्षांची. एसबीआय यूथ फॉर इंडिया १३ महिन्यांची आहे आणि ते सगळे महिने खेड्यात काढायचे असतात. महाराष्ट्र शासनाच्या मुख्यमंत्री फेलोशिपमध्ये तुम्ही सरकारी कार्यालयात बसून प्रशासनाबरोबर काम करता. २१ ते २६ वयाची आणि पदवीला ६० टक्क्यांची अट त्यात राहिली आहे. या सगळ्या उत्तम, पण तुमच्या वस्तीतली बायकांची संघटना उभी करायला यातली एकही नाही. उलट यातल्या बहुतेक फेलोशिपसाठी वस्ती सोडावी लागेल.

दुसरा प्रकार: तुमचं चालू काम सोडायचं नाही, त्यालाच धार लावायची. अ‍ॅक्युमेन या संस्थेची भारतातली फेलोशिप अशी आहे. वर्षभर अधूनमधून एकत्र यायचं आणि बाकीचे दिवस आपापल्या कामावर. चेंबूरमधून चालणाऱ्या कोरो संस्थेचा तळागाळातल्या कार्यकर्त्यांसाठीचा नेतृत्व कार्यक्रमही याच वाटेचा. तिथे पदवीपेक्षा तुमचं समाजाशी असलेलं नातं मोलाचं. मुंबईत बायकांसाठी मोफत, स्वच्छ मुताऱ्या मिळाव्यात म्हणून २०११ पासून चाललेली ‘राइट टू पी’ मोहीम अशाच वस्ती पातळीवरच्या कार्यकर्त्यांनी पुढे नेली.

तिसरा प्रकार गटाचा. ‘पुकार’ या संस्थेच्या युवा फेलोशिपमध्ये तरुणांचा गट मिळून आपल्याच परिसरातल्या एखाद्या प्रश्नावर संशोधन करतो. एकट्याने अर्ज करायची सवय असलेल्यांना हे उमगत नाही. जोडीदार आधी शोधावे लागतात.

प्रत्येक कार्यक्रम दरवर्षी प्रवेश उघडतोच असं नाही, आणि अटी बदलतात. त्यामुळे मागच्या वर्षीच्या स्क्रीनशॉटवर विसंबू नका. यंदाचं पान स्वतः उघडा आणि वहीत उतरवून घ्या: वय, शिक्षण, पूर्णवेळ की अर्धवेळ, निवासी प्रशिक्षण किती दिवस आणि कुठे, अर्जाची आणि मुलाखतीची भाषा, राजकीय पक्षातल्या पदाबद्दल काही अट.

*तपासा:* ‘ही फेलोशिप मिळाली तर सोमवारी सकाळी मी कुठे असेन?’ याचं उत्तर एका वाक्यात येत नसेल, तर जाहिरात पुन्हा वाचा.

टप्पा २: तुमच्या वस्तीचा कागद तयार करा

आपण जिथे जन्मलो तो भाग आपल्याला ठाऊकच आहे, असं सगळ्यांना वाटतं. मग मुलाखतीत कोणी विचारतं, ‘जमीन कोणाची?’ आणि शांतता पसरते.

मुंबईत हा प्रश्न पहिला आहे. वस्ती महापालिकेच्या जागेवर असेल, म्हाडाच्या, जिल्हाधिकाऱ्यांच्या, रेल्वेच्या, बंदराच्या किंवा खासगी मालकाच्या. तक्रार कुठे जाणार, पाणीजोडणीला काय आडवं येणार, पाडकामाची नोटीस आली तर ती कोणाच्या सहीने, हे सगळं त्यावर अवलंबून. सार्वजनिक संडासाचंही तसंच. बांधला कोणी आणि चालवतो कोण ही दोन वेगळी नावं असू शकतात. म्हाडाने बांधलेल्या संडासासाठी वर्षभर वॉर्ड ऑफिसच्या पायऱ्या झिजवणारी मंडळं मी पाहिली आहेत.

एका कोऱ्या कागदावर हे भरा:

१. प्रशासकीय वॉर्ड. गोवंडी-मानखुर्द एम पूर्व, धारावी-दादर-माहीम जी उत्तर, कुर्ला एल, अशी ही अक्षरं.
२. निवडणुकीचा प्रभाग क्रमांक. महापालिकेत २२७ नगरसेवक, म्हणजे २२७ प्रभाग. प्रशासकीय वॉर्ड त्याहून पुष्कळ मोठा. अर्जात या दोन्हींची सर्रास गल्लत होते.
३. जमिनीची मालकी.
४. अंदाजे घरं. एक गल्ली स्वतः मोजा, मग गल्ल्यांनी गुणा, आणि ‘अंदाजे’ असं लिहा.
५. पाणी किती वाजता येतं, किती वेळ, कुठल्या टोकाला पोहोचत नाही.
६. अंगणवाड्या, पालिकेची शाळा, आरोग्य केंद्र किंवा पालिकेचा ‘आपला दवाखाना’. किती, किती लांब, आणि खरोखर उघडे असतात का.
७. आधीपासून कोण काम करतंय: बचत गट, गणेश मंडळ, महिला मंडळ, मशिदीची किंवा बुद्धविहाराची समिती, एखादी संस्था.

सातवा मुद्दा लोक गाळतात, कारण ‘इथे कोणीच काही करत नाही’ असं लिहिलं की आपलं काम उठून दिसेल असं वाटतं. मुंबईच्या जुन्या वस्तीत कोणीच काही करत नाही असं कधी नसतं. निवड समितीतल्या निम्म्या लोकांनी तुमच्या भागात चपला झिजवलेल्या असतात.

सरकारी माहिती अडली तर माहिती अधिकारात मागा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्राच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. चार पानी निबंध लिहिला तर तेवढ्यावरूनच अर्ज परत येऊ शकतो. तीस दिवस लागतात म्हणूनच हे काम पहिल्या महिन्यात उरका.

*सावधान:* ‘आमच्या वस्तीत ८० टक्के तरुण व्यसनी आहेत’ असली वाक्यं कुठेही लिहू नका. आकडा कुठून आणला, हा पुढचा प्रश्न असतो. आणि आपल्याच माणसांबद्दल असं लिहिणाऱ्यावर वस्ती विश्वास कशी ठेवते, हा त्याच्या पुढचा.

टप्पा ३: एक छोटं काम हातात घ्या, पण एकट्याने करू नका

सगळ्या तयारीचा कणा हा आहे, म्हणून इथे जरा थांबू.

समितीला तुम्ही किती धावता ते बघायचं नसतं. तुमच्यामुळे आणखी कोण धावायला लागलं ते बघायचं असतं. आधार कार्डाच्या दुरुस्त्या करून देणारा, रेशनच्या ऑफिसात सगळ्यांचे फॉर्म घेऊन जाणारा, हॉस्पिटलात रात्रभर बसणारा दादा वस्तीला हवाच असतो. पण तो गावाला गेला की सगळं ठप्प. फेलोशिपच्या भाषेत याला सेवा म्हणतात, नेतृत्व नाही. कठोर वाटेल, पण निवड याच रेघेवर होते.

म्हणून सहा ते आठ आठवड्यांत टोकाला जाईल असं काम निवडा. एक उदाहरण घेऊ. मानखुर्दकडची एखादी वस्ती. सार्वजनिक संडासाकडे जाणाऱ्या वाटेवर अंधार, त्यामुळे रात्री नऊनंतर बायका आणि मुली जातच नाहीत. संध्याकाळी पाणी पिणं कमी करतात. आपल्या दादाला सुचणारा मार्ग: नगरसेवकाला फोन, एक एलईडी, फोटो, स्टेटस. काम झालं, पण माणसं जिथल्या तिथे.

दुसरा मार्ग लांबचा आहे. आधी पाच-सहा घरांत वेगवेगळं बसायचं, कारण संडासाचं बोलणं पहिल्याच बैठकीत चारचौघांत होत नाही. मग बैठक. वेळ बायकांना विचारून ठरवायची. पाण्याच्या वेळेला बैठक ठेवली तर कोणी येणार नाही, आणि घरकामाला जाणाऱ्या बायका दुपारी तीनच्या आधी मोकळ्या नसतात. बैठकीत त्यांनाच वाट चालून दाखवायला सांगायचं. चालताना कळतं की अंधार दोन ठिकाणचा आहे: वाटेवरचा खांब बंद, आणि संडासाच्या आतले दिवे गेलेले. खांबाची तक्रार वीज कंपनीकडे. शहरात बेस्ट, उपनगरात बहुतेक ठिकाणी अदानी, भांडुप-मुलुंडकडे महावितरण. खांबावरचा क्रमांक दिला तर तक्रार लवकर हलते. आतल्या दिव्यांचं मात्र संडास चालवणाऱ्या संस्थेशी बोलावं लागतं. ही दोन कामं दोन वेगळ्या बायकांनी घ्यायची. तुम्ही सोबत जा, बोलू नका. १९१६ वर तक्रार नोंदवायची तर फोन त्यांनी लावायचा आणि तक्रार क्रमांक त्यांच्याच मोबाइलवर यायला हवा.

यात दिवा लागेल किंवा नाही लागणार. फेलोशिपसाठी दोन्ही चालतं. जिने आयुष्यात पहिल्यांदा ऑफिसात फोन लावला ती पुढच्या महिन्यात नळाच्या तक्रारीसाठी तुम्हाला न विचारता फोन लावते का, तुमचा बदल तिथे मोजायचा.

काम निवडताना नेहमी होणाऱ्या चुका:

प्रश्न फार मोठा घेणं. ‘धारावीचा पुनर्विकास’ हा आठ आठवड्यांचा विषय नाही. ‘आमच्या चाळीतल्या किती कुटुंबांकडे कुठले पुरावे आहेत आणि कुठले कमी आहेत’ हा आहे.

कार्यक्रमालाच काम समजणं. आरोग्य शिबिर, वह्यावाटप, हळदीकुंकू, रक्तदान हे सगळं एका दिवसात संपतं. त्याआधी आणि नंतर काय झालं ते सांगता येत नसेल तर अर्जात त्याला एका ओळीपेक्षा जास्त जागा देऊ नका.

आणि गणपती-नवरात्रात मोहीम काढणं. मंडळाची पोरं त्या दिवसांत तुमच्या बैठकीला येणार नाहीत. चिडून उपयोग नाही, तारीख बदला.

*तपासा:* या कामातल्या तीन निर्णयांची यादी करा. तिन्ही तुम्हीच घेतले असतील तर काम अजून तुमचंच आहे.

टप्पा ४: वही ठेवा

फोटो सगळे ठेवतात, वही कोणी ठेवत नाही. समितीपुढे वही जड पडते. नोंद लांबलचक नको, अशी पुरे:

*रविवार, दुपारी ३. अंगणवाडीसमोरचा कट्टा. ११ बायका, २ पुरुष. गल्ली ४ मधून कोणी नाही. ठरलं: खांबांचे नंबर लिहून आणायचे (गल्ली २ च्या दोघी). संस्थेला पत्र, सह्या सगळ्यांच्या. अडचण: मंडळाच्या पोरांना वाटतंय आपण त्यांच्या विरोधात आहोत. पुढची बैठक येत्या रविवारी, त्याच जागी.*

‘गल्ली ४ मधून कोणी नाही’ ही सगळ्यात कामाची ओळ. कोण आलं नाही हे लिहायची सवय लागली की ते का आले नाहीत हे शोधायला जावंच लागतं. बऱ्याचदा उत्तर अवघड निघतं: वेगळी जात, वेगळी भाषा, भाडेकरू, जुनं भांडण.

सोबत एका पाकिटात पत्रांच्या पोचपावत्या, तक्रार क्रमांक, माहिती अधिकाराची उत्तरं ठेवा. पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत. आणि प्रत्येक कागदाचा मोबाइलवर फोटो.

*सावधान:* लहान मुलांचे चेहरे, मारहाण झालेल्या बाईचं नाव, आजार, पत्ता यातलं काहीही अर्जात जाता कामा नये. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पीडित मुलाची ओळख उघड करणं पोक्सो कायद्याने गुन्हा आहे, आणि ‘मी ही केस सोडवली’ सांगण्याच्या भरात लोक नावासकट सगळं लिहून मोकळे होतात. अशा अर्जाची बाजू सावरणं समितीतल्या कोणालाच शक्य नसतं.

टप्पा ५: घरात बोला, पैशाचा हिशेब मांडा

हा टप्पा मुलाखतीनंतरचा मानला जातो. त्यामुळेच निवड झालेली माणसं, विशेषतः बायका, शेवटच्या क्षणी माघार घेतात. सासूबाईंना पाच दिवसांच्या निवासी शिबिराबद्दल निघायच्या आदल्या दिवशी सांगणं म्हणजे भांडणाला आमंत्रण. आधीच सांगा: इतके दिवस बाहेर राहावं लागेल, सोबत कोण असतं, मूल लहान असेल तर नेता येतं का. शेवटचा प्रश्न संस्थेला ईमेलवर बिनधास्त विचारा. तळागाळातल्या बायकांसाठी असलेल्या कार्यक्रमांना त्याची सवय असते.

पैशाबाबत चार गोष्टी कागदावर घ्या. मानधन महिन्याला की तिमाहीला. पहिला हप्ता कधी. प्रवासखर्च त्यातच की वेगळा. कर कापून येणार की पूर्ण. पहिला हप्ता उशिरा येतो असंच धरून दोन महिन्यांचं घरभाडं आणि हप्ते बाजूला ठेवा.

एक किरकोळ वाटणारी पण दरवर्षी अडकवणारी बाब: नाव. आधारवर लग्नानंतरचं, दहावीच्या सर्टिफिकेटवर माहेरचं, पॅनवर तिसरंच स्पेलिंग. मानधन तुमच्या स्वतःच्या बँक खात्यातच येतं, नवऱ्याच्या किंवा मंडळाच्या नाही. आधार, पॅन आणि पासबुक तिन्ही समोर ठेवून अक्षरन् अक्षर जुळवा. दुरुस्तीला आठवडे जातात, राजपत्रात नाव बदलायचं असेल तर त्याहून जास्त.

टप्पा ६: शिफारस कोणाची

नगरसेवकाच्या लेटरहेडवरचं ‘सदर इसम होतकरू असून मी यांस ओळखतो’ छापाचं पत्र तुम्हाला मदत करत नाही, कधीकधी नुकसानच करतं. पत्र अशा माणसाचं हवं ज्याने तुम्हाला काम करताना, चुकताना आणि वाद मिटवताना पाहिलंय: अंगणवाडी सेविका, पालिका शाळेतल्या बाई, बचत गटाच्या अध्यक्ष, एखाद्या संस्थेतला जुना कार्यकर्ता. पद लहान असलं तरी बिघडत नाही.

त्यांना किमान दोन आठवडे द्या. ‘काकी, एक पत्र द्याल का?’ एवढ्यावर सोडू नका. कोणत्या कामाबद्दल लिहायचं ते सांगा, वहीतली दोन पानं दाखवा. संस्थेकडून त्यांना फोन येऊ शकतो हेही सांगून ठेवा, नाहीतर अनोळखी नंबर म्हणून त्या उचलणार नाहीत.

टप्पा ७: आता फॉर्म

सगळे प्रश्न आधी वहीत किंवा गूगल डॉकमध्ये उतरवून घ्या आणि उत्तरं तिथेच लिहा. ऑनलाइन फॉर्म मध्येच बंद पडला की दोन तासांचं लिखाण जातं. सुरुवात ‘तुम्ही कोण’पासून करू नका. आधी ‘तुमचं काम’ लिहा, मग ‘काय शिकायचंय’, आणि स्वतःची ओळख सर्वांत शेवटी. काम लिहून झालं की ओळखीत काय सांगायचं ते आपोआप ठरतं.

नेहमी येणारं उत्तर असं असतं:

*‘मला लहानपणापासून समाजसेवेची आवड आहे. आमच्या परिसरात महिलांच्या अनेक समस्या आहेत. मी महिलांमध्ये जनजागृती करून त्यांना सक्षम केले आहे.’*

त्याच माणसाचं, त्याच कामाबद्दलचं, वहीच्या आधाराने लिहिलेलं:

*‘संडासाकडे जाणाऱ्या वाटेवर अंधार होता. दोन महिन्यांत आम्ही पाच बैठका घेतल्या. खांबाची तक्रार गल्ली २ मधल्या दोन बायकांनी स्वतः नोंदवली आणि खांब सुरू झाला. संडासातले दिवे अजून बंद आहेत. संस्थेने पत्राची पोच दिली पण उत्तर नाही. गल्ली ४ मधल्या बायका आजही येत नाहीत. त्यांना कसं जोडून घ्यायचं हे मला शिकायचं आहे.’*

दुसऱ्या उत्तरात एकही मोठा शब्द नाही, आणि शेवटच्या वाक्याने ‘ही फेलोशिप तुम्हाला का हवी?’ याचंही उत्तर देऊन टाकलंय.

‘मी’ आणि ‘आम्ही’ यांची वाटणी सांभाळा. सगळीकडे ‘मी’ असेल तर बाकीचे कुठे होते असा प्रश्न पडतो. सगळीकडे ‘आम्ही’ असेल तर तुम्ही कुठे होता असा. तुमचं नेमकं काम काय ते एकदा स्पष्ट सांगा, उरलेलं श्रेय नाव न घेता पण ओळखू येईल असं वाटा.

अपयशाच्या प्रश्नाला ‘मी फार मेहनत करतो हाच माझा दोष’ असलं काही लिहू नका. समिती ते वाचून पुढे जाते.

भाषेबाबत: मराठीत उत्तर चालत असेल तर मराठीतच लिहा, बोलता तशा साध्या मराठीत. इंग्रजीच हवं असेल तर मराठीत लिहून कोणाकडून तरी करून घ्या, आणि नंतर ते प्रत्येक वाक्य तुम्हाला समजतंय ना ते बघा. चॅटजीपीटीकडून लिहून घेतलेले अर्ज आता ढिगाने येतात. सगळ्यांत तीच गुळगुळीत वाक्यं आणि एकाही गल्लीचं नाव नाही. व्याकरण सुधारायला वापरा, घटना त्याच्याकडून घेऊ नका.

*तपासा, पाठवण्याआधी:* शब्दमर्यादा. मोबाइल नंबर. ईमेल, जो तुम्ही खरंच उघडता, सायबर कॅफेवाल्याचा नाही. फाइलला तुमचं नाव. शेवटच्या तारखेच्या तीन दिवस आधी पाठवा आणि पोच आल्याचा स्क्रीनशॉट ठेवा.

टप्पा ८: मुलाखत आणि गटातलं काम

बऱ्याच ठिकाणी मुलाखतीआधी गटाला एखादा प्रश्न देऊन निरीक्षण केलं जातं. इथे सर्वाधिक बोलणारा निवडला जातो हा गैरसमज आहे. गप्प बसलेल्या मुलीला ‘ताई, तुमचं काय म्हणणं?’ विचारणारा लक्षात राहतो, मात्र तिचं म्हणणं पुढे कामात घेतलं तरच. नुसतं दाखवायला विचारलं तर तेही दिसतं.

मुलाखतीत तपशील खणले जातात. शेवटच्या बैठकीला कोण आलं नव्हतं? तुमच्याशी जाहीरपणे असहमत कोण आहे, आणि त्यांचं काय बरोबर आहे? तुम्ही सहा महिने नसलात तर काय बंद पडेल? वस्तीतल्या कोणत्या घरी तुम्ही चहा पीत नाही? शेवटचा प्रश्न ऐकून लोक दचकतात, पण जात, धर्म आणि आपल्या मनातल्या रेघा याच वाटेने बाहेर येतात. खरं उत्तर द्या. ‘आमच्याकडे असं काही नाही’ हे उत्तर कोणालाच पटत नाही.

आदल्या रात्री वही एकदा वाचा आणि सोबत न्या. ऑनलाइन मुलाखत असेल तर घरातल्या टीव्हीचा, गल्लीतल्या स्पीकरचा अंदाज घेऊन जागा ठरवा. अंगणवाडी किंवा अभ्यासिका दुपारी मागून घेता येते. प्रत्यक्ष असेल तर लोकल उशिरा धावणारच हे धरून निघा, पावसाळ्यात तर नक्कीच.

टप्पा ९: निवड झाली तर सही करण्याआधी, नाही झाली तर आठवड्यात

करारपत्र सावकाश वाचा, मोठ्या भावाला किंवा ओळखीच्या वकिलाला दाखवा. मध्येच सोडावं लागलं तर मानधन परत मागतात का? तुम्ही गोळा केलेली माहिती आणि फोटो कोणाचे? तुमच्या नोकरीच्या ठिकाणची ना-हरकत लागते का? मूळ प्रमाणपत्रं कोणाकडे ठेवायला देऊ नका, झेरॉक्स पुरे.

*सावधान:* मुख्यमंत्री फेलोशिपसारख्या सरकारी प्रक्रियेत अर्जाचं शुल्क असतं आणि ते सरकारी संकेतस्थळावरच भरायचं. पण ‘तुमची निवड झाली आहे, डिपॉझिट भरा’ असा फोन आला आणि पुढे गूगल पेचा नंबर दिला, तर ती सरळ फसवणूक आहे.

निवड झाली नाही तर आठवड्याच्या आत दोन ओळींचा मेल करा: काय कमी पडलं ते कळेल का? सगळे उत्तर देत नाहीत, जे देतात त्यांचं उत्तर वहीत चिकटवा. अर्ज तसाच्या तसा दुसरीकडे पाठवू नका. दोन कार्यक्रमांचे लोक एकमेकांना ओळखतात आणि एका संस्थेचं नाव दुसऱ्या संस्थेच्या फॉर्मात राहून गेलेलं मी वाचलंय.

निवड झालेल्यांसाठी पहिल्या शिबिराला निघण्याआधीचं एक काम. रविवारची बैठक तुमच्या गैरहजेरीत कोण घेणार ते बैठकीतच ठरवा, निघायच्या दिवशी फोनवर नाही. कट्ट्याजवळच्या खोलीची किल्ली, वही, पोचपावत्यांची पिशवी आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचं अ‍ॅडमिनपद तिच्याकडे द्या. परत आल्यावर अ‍ॅडमिनपद मागून घेऊ नका.